गुलाबी मेणावरचा चावा

गल्लीच्या टोकाला दात काढणाऱ्या डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून दात बसवणारा कवळीवाला. तीस वर्षांची वाटणी होती ती. बाईंनी तोंड रिकामं करायचं, ह्याने भरून द्यायचं. दोघांचं एकमेकांशी कधी वाजलं नाही, कारण बोलायला दोघांनाही फुरसत नव्हती आणि गिऱ्हाइकाला तर तोंडच नव्हतं.

कवळीवाल्याचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एक उंच खुर्ची, खिडकीखाली टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, दोन चाकू, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, आणि भिंतीभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. दोनशेच्या वर असतील. नवखा माणूस आत आला की आधी दचकायचा, मग हळूच आपल्या शर्टाची बटणं तपासायचा, कारण सगळी भिंत आपल्यालाच हसतेय असं त्याला वाटायचं. कवळीवाल्याला मात्र त्यांची सोबत होती. बाहेरून आला की तो "आलो रे" म्हणायचा. दोनशे जबडे, पण एकानेही कधी "या" म्हटलं नाही. मागच्या खोलीत ओटा, पलंग, एक जुना फ्रिज. चार वर्षांपासून तो उभ्याउभ्याच जेवायचा. बसून जेवायचं तर समोर कुणीतरी लागतं.

तर आता त्याच्या कानाची गोष्ट. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पटवून घेऊ नये. त्याला स्वतःलाही पहिली दोन वर्षं पटली नव्हती.

कवळीचं माप दोनदा घ्यावं लागतं. आधी नुसत्या हिरड्यांचं. मग मेणाची जाड कड करून ती तोंडात बसवतात आणि माणसाला सांगतात, चावा, आणि तसेच राहा. बोलायचं नाही, गिळायचं नाही. मेण गार होईस्तोवर साधारण मिनिट जातं. त्या मिनिटात कवळीवाल्याचा अंगठा गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली असायचा. आणि त्याला ऐकू यायचं. त्या माणसाच्या जिभेवर कधीतरी येऊन परत फिरलेलं, दातांमागे अडकून बसलेलं बोलणं. एखादंच वाक्य, फार तर दोन. त्याच्या आवाजात, पण लांबून, शेजारच्या घरातून यावं तसं.

मटण विकणारा धिप्पाड गडी, ज्याच्या सुऱ्याला वस्ती टरकायची, त्याच्या चाव्यातून आलं, "मला रक्त बघवत नाही हो." एका आजींनी पन्नास वर्षं नवऱ्याच्या आवडीच्या भिंती पाहिल्या होत्या, त्यांच्या मेणातून निघालं, "हा पिवळा रंग मेला मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही." पोस्टमन म्हणाला, "मला कुणी लिहीत नाही." आणि एक मोठे भाषणबहाद्दर आले होते, त्यांचं मेण पार दगड झालं तरी आतून हूं नाही की चूं नाही. जे होतं ते सगळं बाहेर सांडून झालेलं.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. कुणाच्या तोंडातलं काढून चव्हाट्यावर मांडणं, त्यापेक्षा दात उपटलेले बरे. फक्त बायकोला ठाऊक होतं. आणि बायको कधी त्याच्या खुर्चीत बसली नाही, कारण नवरा कवळीवाला आणि हिचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत! त्याचा तिला कोण गर्व. "तुमच्या तावडीत मी काही सापडायची नाही," ती म्हणायची, "माझ्या मनातलं हवं असेल तर सरळ विचारा." तिला एकच खोड होती. दुकानात आली की टेबलावरचा मेणाचा तुकडा उचलायचा आणि बोलता बोलता पुढच्या दातांनी त्यावर ठसे उमटवत बसायचं. तो ओरडायचा, "अगं, ते खायचं नसतं!" ती म्हणायची, "मग इतक्या छान रंगाचं कशाला ठेवता?"

चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी खुर्चीत गिऱ्हाईक होतं. तोंडात मेण, हनुवटीखाली अंगठा, मिनिट नुकतं सुरू झालेलं. ती आतून हात पुसत आली. "अहो, तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"थांब जरा. मेण गार होतंय."

त्याच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून दहादा यायचं. ते मिनिट मोडलं की माप फुकट, शिवाय गिऱ्हाइकाच्या तोंडात काहीतरी बोलणं वर यायला लागलं होतं आणि त्याचे कान तिकडे. ती थांबली. टेबलावरची पट्टी उचलली, सवयीने चावली, परत ठेवली. "सांगते नंतर," म्हणाली आणि आत गेली. मग जेवणं झाली, दिवे गेले, आले, आणि काय सांगायचं होतं हे विचारायचं त्याच्या डोक्यातून पार निघून गेलं. सकाळी ती उठली नाही.

हृदय, असं डॉक्टर म्हणाले. मग पिशवी उचलता उचलता त्यांनी सहज विचारलं, "काल काही त्रास होतोय असं म्हणाल्या होत्या का?"

तो प्रश्न त्याच्या कानात शिरला तो शिरलाच. छातीत दुखतंय, हेच सांगायला आली असेल का ती? आणि आपण तिला काय म्हणालो?

मेणाची ती पट्टी त्याला तिसऱ्या दिवशी सापडली. वरच्या सहा दातांचा ठसा, डावा सुळा किंचित वळलेला. तिचाच. आता ह्या बाबतीत त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती. जुनं मेण दिव्यावर धरून मऊ केलं की गार होताना ते एकदा, फक्त एकदाच, परत बोलतं. मग ठसा विरघळतो आणि पुढे त्याचं नुसतं मेण होतं. म्हणजे त्या पट्टीत तिचं वाक्य होतं आणि ते ऐकायची एक संधी होती. त्याने पट्टी पाण्याच्या बाटलीत घातली आणि फ्रिजात ठेवली, दारातल्या त्या कप्प्यात, जिथे माणसं लोणी ठेवतात. आणि चार वर्षं रोज दार उघडून बघितली. ऐकायचा धीर झाला नाही, न ऐकता झोप लागली नाही.

अशात एका दुपारी मास्तर दुसऱ्या मापाला आले.

मास्तरांनी चाळीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं होतं. आता अठ्ठ्याहत्तरी, काठी, आणि डॉक्टरीणबाईंनी शेवटचे चार दात काढल्यामुळे बोलण्यात वारा. खुर्चीवर चढताना म्हणाले, "तुला अरेतुरे करतो हं. दात नसले की आदरार्थी बोलायला फार हवा लागते."

"करा की."

"आणि आधी एक सांग. गेल्या आठवड्यात मी हिरड्यांचं माप द्यायला आलो, तेव्हा माझ्याआधी खुर्चीत एक माणूस होता. त्याची हनुवटी तू धरलीस आणि तुझा चेहरा कसा झाला माहितेय? बंद दाराला कान लावलेल्या माणसासारखा. कुणाचं ऐकत होतास?"

चार वर्षांत त्याच्या चेहऱ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. लोक त्याच्या खुर्चीत बसून छताकडे बघतात. आजवर दातांमागे ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मटणवाल्यापासून भाषणबहाद्दरापर्यंत सगळं. मास्तरांनी एकदाही "छे" म्हटलं नाही, की "वा" म्हटलं नाही. शेवटी म्हणाले, "मग माझ्यावर करून बघ. मी मनात एक गोष्ट धरून ठेवतो. ती आली तर तुझं खरं."

त्याने कड मऊ केली, बसवली. "चावा. तसेच राहा." अंगठा हनुवटीखाली. गल्लीत कुणीतरी सायकलची घंटा वाजवली. मेण पांढुरकं झालं, घट्ट झालं. त्याने ते अलगद बाहेर काढलं.

"बोल," मास्तर म्हणाले.

"सांगू?"

"अरे, त्यासाठीच तर चावलो."

"'एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय,' असं आलं."

मास्तरांनी काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी केली. "मी मनात सत्तेचाळीसचा पाढा म्हणत होतो," ते म्हणाले. "सत्तेचाळीस नव्वे चारशे तेवीसपर्यंत पोचलो होतो. पाढा आला नाही?"

"नाही."

"म्हणजे तू नापास."

"हो."

"आणि मीही," मास्तर म्हणाले. खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, मग डोळेही पुसले, जणू तेही त्याच कामात येतं.

कवळीवाल्याने चहा ठेवला. दोन कप धुवायची सवय मोडली होती. दुसरा कप फडताळाच्या मागून काढावा लागला. मास्तर बिस्किट चहात पार बुडवून, त्याचा चिखल करून चमच्याने खात होते आणि बोलत होते.

"हे बघ. एक शक्यता अशी की तू तीस वर्षं जबडे धरतोयस. कोण कुठे दाबून धरतं, कुणाची हनुवटी कशी आवळते, हे तुझ्या अंगठ्याला पाठ झालंय. अंगठा वाचतो आणि डोकं त्याला आवाज देतं. माझ्यासारखा म्हातारा, काठी घेऊन एकटा येतो, शर्टाचं बटण चुकीचं लावलंय. याला जेवायला कोण असणार, हे ओळखायला सिद्धी लागत नाही."

"मग पोस्टमनचं?"

"त्याचंही तसंच. पण थांब, मला हे पूर्ण पटत नाही. चाळीस वर्षं मी पोरांना शिकवलं की माझं मन इथे, तुझं मन तिथे, मध्ये भिंत. पण ती भिंत मी कधी पाहिली नाही. तू सांग, मेण गार होताना तू कुठे असतोस?"

"इथेच. खुर्चीपाशी."

"तसं नव्हे. त्या मिनिटात तुला तुझं घर, तुझी पाठदुखी, तुझं नाव आठवतं का?"

कवळीवाल्याने विचार केला. "नाही. हलू नये एवढंच असतं."

"झालं तर! तू नसतोस. तुझी खोली तू रिकामी करतोस म्हणून दुसऱ्याचा आवाज येतो. यात मला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते उरलेल्या तेवीस तास एकोणसाठ मिनिटांचं. तेव्हा आपण सगळे केवढ्या मोठ्याने स्वतःशी बडबडत असतो!" मास्तर हसले, तेव्हा तोंडाची नुसती एक मऊ गुहा दिसली. "जुनी माणसं म्हणायची, असल्या गोष्टी वाटेवर सापडतात. उचलून बघाव्यात, ठेवून द्याव्यात, पुढे जावं. जो ती वस्तू कवटाळून रस्त्यात बसला, त्याचा प्रवास तिथेच संपला. तू कुठे बसून नाहीस ना?"

कवळीवाला उठला. फ्रिजचं दार उघडून त्याने बाटली आणली आणि टेबलावर ठेवली. पाण्यात गुलाबी पट्टी तरंगत होती. त्याने ती संध्याकाळ सांगितली. डॉक्टरांचा प्रश्न सांगितला. सांगताना तो पट्टीकडे बघत नव्हता, भिंतीवरच्या जबड्यांकडे बघत होता.

"चार वर्षं?" मास्तर म्हणाले.

"उन्हाळ्यात वीज गेली की बर्फ आणून घालतो."

"मग ऐकत का नाहीस?"

"छातीत दुखतंय असं निघालं तर?"

"आणि दुसरंच काही निघालं तर?"

"तर मी सुटलो."

"म्हणजे तुला ती काय म्हणाली हे ऐकायचं नाहीये," मास्तर हळूच म्हणाले. "तुला निकाल ऐकायचाय. बाई साक्षीला उभी, तू आरोपी, आणि न्यायाधीशही तूच. आत्ताच म्हटलं ना, खोली रिकामी असेल तरच दुसऱ्याचं येतं? इतकी गर्दी घेऊन ऐकायला बसलास तर तुझंच तुला ऐकू येईल. ते तिच्या आवाजात येईल, पण असेल तुझंच."

त्याला राग आला. घरात आलेल्या माणसाला हाकलून द्यावंसं वाटावं तसा राग. मग तो ओसरला आणि खाली नुसतं खरं उरलं. चार वर्षांत ती त्याला आठवायची ती फक्त दारात उभी, हात पुसत, वाक्य अर्धं. त्याआधीची सत्तावीस वर्षं त्या एका मिनिटामागे झाकून गेली होती. कशी हसायची, कपाटाचं दार कसं आपटायची, भाजी चिरताना कुणाकुणाच्या नकला करायची, सगळं.

"मग ऐकू कसा?" त्याने विचारलं.

"ते मला काय माहीत? मी चाळीस वर्षं फक्त बोललोय." मास्तरांनी काठी उचलली. "मी जाऊ की थांबू?"

"थांबा."

त्याने पट्टी पाण्यातून काढली, फडक्याने टिपली. दिवा लावला. जेवढ्या अंतरावर कुणाच्याही मेणाची पट्टी धरायचा, तेवढ्याच अंतरावर धरली. हाताला काम ठाऊक होतं. कडा चमकायला लागल्या. आणि त्याने, आयुष्यात पहिल्यांदाच, मनातल्या मनात तिला सरळ विचारलं. तुझं दुखत होतं का, हे नाही. एवढंच विचारलं, की काय गं, काय म्हणत होतीस? जसं त्या संध्याकाळी जेवताना विचारायला हवं होतं तसं, भांड्यांच्या आवाजात, घाई न करता.

दिवा विझवून पट्टी तळहातावर घेतली. सुळ्याचा ठसा आधी पसरला. मग बाकीचे. मेण गार व्हायला लागलं.

मास्तरांना फक्त एवढं दिसलं की कवळीवाल्याचे खांदे एकदम खाली आले, आणि मग तो हसला. हसला म्हणजे फस्सकन, नाकातून, वर्गात मागच्या बाकावरचं पोर हसतं तसा.

"काय झालं?"

"पँट," तो म्हणाला.

"काय?"

"'चौकातल्या शिंप्याकडे तुमची राखाडी पँट टाकलीय, कंबर सैल करायला. उद्या जाऊन आणा, नाहीतर तो दुसऱ्याला देऊन टाकायचा.' एवढंच."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, मग विझलेल्या दिव्याकडे. "पँटचं तुला ठाऊक होतं?"

"मला कुठली पँट कुठे असते हे कधीच ठाऊक नव्हतं."

"तरी मनात कुठेतरी असेल पडलेलं. कानावर गेलं असेल." मास्तर उठले. जुन्या सवयीने त्यांनी बोट वर केलं, आणि का कोण जाणे, तसंच खाली घेतलं. "जाऊ दे. शिंपी जिवंत आहे का?"

शिंपी जिवंत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी कवळीवाला चौकात गेला तेव्हा तो मशीनवर वाकून कुणाच्या तरी शर्टाची कॉलर उलटत होता. ह्या दुकानात कवळीवाल्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. कपड्यांचं खातं तिचं.

"काका! या की. आज इकडे कसे?"

"एक पँट होती का माझी? राखाडी? फार दिवस झाले."

"फार दिवस?" शिंप्याने पाय मशीनवरून काढले. "चार वर्षं झाली! काकू सांगून गेल्या होत्या, काकांना पाठवते म्हणून. मग ते ऐकलं, आणि मला तुमच्या दारी पँट घेऊन यायची लाज वाटली. अशा वेळी कुणी पँट घेऊन येतं का? मग एक वर्ष गेलं, मग दुसरं. तसतशी लाज वाढतच गेली." त्याने माळ्यावरून कागदात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं, धूळ फुंकली. "दुसऱ्याला दिली नाही हो. काकूंनी दम दिला होता, दिलीस तर बघ म्हणून. कशा बोलायच्या! 'ह्यांचं पोट वाढतंय आणि हे म्हणतात कापड आटतंय.'"

कवळीवाला हसला. तसंच म्हणाली असणार.

"त्या दिवशी... बरी होती का ती?" त्याने विचारलं. पुडक्याची गाठ सोडत होता, गाठीकडेच बघत होता.

"एकदम. जाताना माझ्या मशीनचा आवाज ऐकून म्हणाल्या, तेल घाल, रडतंय बिचारं. का हो?"

"काही नाही."

"घालून बघा की. तिकडे पडदा आहे."

पडद्याआड एक आरसा होता आणि एक खिळा. त्याने पँट घातली. तिने बरोबर अंदाज बांधला होता. त्या वर्षीच्या पोटाला ती चपखल बसली असती. आता आत दुसरं एखादं पोट मावलं असतं.

तो सुटला होता. आता हलकं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही, पायऱ्या चढून आल्यावर श्वास परत येतो तितपत. पण मग दुसरंच लक्षात आलं. चार वर्षं तिचं त्याला काहीतरी सांगायचं राहिलं होतं. फ्रिजच्या दारात, पाण्यात, ती अजून बोलायची होती. ज्याचं बोलणं बाकी आहे ते माणूस पुरतं गेलेलं नसतं. आता तिचं सांगून झालं. आता फ्रिजात नुसतं दूध असेल.

आरशातल्या माणसाने कंबरेचं जास्तीचं कापड मुठीत गोळा केलं. चार बोटं भरलं, वर अंगठाही.

"काका," पडद्यापलीकडून शिंपी ओरडला, "बसतेय का? नाहीतर पुन्हा आत घेऊन देतो, दोन मिनिटांचं काम."

"नको, नको," तो म्हणाला, मूठ तशीच धरून. "बसतेय. अगदी बरोबर बसतेय."